इंजिनाची बखर

ज्याला इतिहासाची आवड आहे त्यानं गड चढावेत, ताम्रपट वाचावेत, जुनी दप्तरं चाळावीत. ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला मोडी येत नाही आणि दप्तराच्या धुळीनं ज्याला शिंका येतात, त्यानं जुन्या मोटारसायकलचं इंजिन घरी उघडावं. इतिहास तोच. फरक एवढाच, की बखरीतला इतिहास वाचून झाल्यावर हात साबणानं धुवावे लागत नाहीत. इंजिनातला इतिहास वाचून झाल्यावर हात आधी रॉकेलनं, मग साबणानं, मग लिंबानं धुवावे लागतात आणि एवढं करूनही ताटावर बसल्यावर सौ. विचारतेच, ‘‘हात धुतलेत ना?’’

माझ्या वाट्याला आलेली बखर म्हणजे १९६६ सालची जावा. अडीचशे सीसीची, तांबडी, टाकीला दोन्ही बाजूंना क्रोमचा मुलामा. गाडी माझ्या मामांची. मामा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. मुठा कालव्याच्या कडेकडेनं त्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं पिटाळली आणि पुढं पुणे जिल्ह्यात जिथं जिथं पाणी नव्हतं तिथं तिथं नेली. मामा गेले. गाडी जिन्याखाली राहिली आणि तिच्या सीटवर मांजराच्या तीन पिढ्या वाढल्या. एक दिवस मामी मला म्हणाल्या, ‘‘अरे, तिचं इंजिन तेवढं सुरू कर. मला एकदा आवाज ऐकायचाय.’’

मामी शहाऐंशी वर्षांच्या. उजव्या कानानं साथ सोडलेली, डावाही हल्ली सोयीसोयीनं ऐकणारा. ‘‘घाई नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मला ऐकू येतंय तोवर कर म्हणजे झालं.’’

आता यापेक्षा घाईची मुदत कुठली असणार? त्याच आठवड्यात इंजिन सांगाड्यातून उतरवून मी आमच्या मागच्या गॅलरीत आणलं.

आधी नावाबद्दल. ‘जावा’ म्हटलं की मराठी माणसाला एका स्वयंपाकघरात दोन बाजूंना तोंड करून बसलेल्या दोन बायका आठवतात. या जावेचा उगम मात्र प्रागचा. फ्रान्तिशेक यानेचेक नावाचे एक शस्त्रांचे कारखानदार तिथं होते. पहिलं महायुद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर शस्त्रांच्या धंद्यात मंदी आली, तेव्हा १९२९ साली त्यांनी जर्मनीतल्या वांडरर कंपनीकडून पाचशे सीसीच्या एका मोटारसायकलचे हक्क घेतले. यानेचेकमधलं पहिलं अक्षर, वांडररमधलं पहिलं अक्षर, आणि झाली ‘यावा’. चेक लोक तिला यावाच म्हणतात. आपण रोमन लिपीतलं नाव वाचून ‘जावा’ केलं. तिथं ‘यावा’, इथं ‘जावा’. येणं आणि जाणं याखेरीज वाहनाला दुसरं काम तरी काय असतं?

पहिली गाडी भारी होती आणि महागही होती, म्हणजे फारशी खपत नव्हती. मग यानेचेकनी जॉर्ज पॅचेट या इंग्रज इंजिनियरला बोलावलं. १९३२ साली व्हिलियर्सचं पावणेदोनशे सीसीचं इंजिन बसवून त्यानं हलकी, स्वस्त गाडी केली आणि ती धडाक्यानं खपली. हाच पॅचेट पुढं इंग्लंडला परत गेला आणि त्यानं ब्रिटिश सैन्याची स्टर्लिंग नावाची बंदूक केली. म्हणजे यानेचेक शस्त्रांतून मोटारसायकलीत आले आणि पॅचेट मोटारसायकलीतून शस्त्रांत गेला. येणं-जाणं म्हणतात ते हे.

घरी इंजिन उघडायचं तर आधी जुनी वर्तमानपत्रं लागतात आणि त्यानंतर डबे. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, मिठाईचे, जे असतील ते. एकेक भाग सुटला की तो डब्यात टाकायचा आणि डब्यावर चिठ्ठी लावायची. चार दिवसांत आमची गॅलरी एखाद्या किराणा दुकानासारखी दिसू लागली. ‘क्लचच्या स्प्रिंगा’, ‘डाव्या झाकणाचे स्क्रू’, ‘हे काय ते विचारणे’. शेवटचा डबा सगळ्यांत लवकर भरला.

डावं झाकण काढलं की जावेची सगळ्यांत मोठी गंमत दिसते. या गाडीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर उचलला की किक. गाडी सुरू झाली की तोच पुढं पाडायचा आणि पायानं खाली-वर करून गिअर टाकायचे. शिवाय गिअरसाठी दांडा हलला की आतला क्लच आपला आपण सुटतो. मुठीतला क्लच दाबला नाही तरी गाडी रुसत नाही. एकाच दांड्यावर दोन कामं आणि दोघांत तंटा नाही! जावा हे नाव ठेवणाऱ्याला मराठी येत नव्हतं याचा यापेक्षा सबळ पुरावा मिळणार नाही.

मग सिलिंडर. या गाडीला मागं दोन सायलेन्सर आहेत, म्हणून नवखा माणूस दोन सिलिंडर शोधत बसतो. सिलिंडर एकच. चूल एक आणि धुराडी दोन. यामागं एक जर्मन हिशेब आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या खोलीत येतं. पिस्टन खाली उतरला की ते बाजूच्या वाटांनी वर चढतं आणि त्याच वेळी जळका धूर बाहेर पडत असतो. म्हणजे सिटी बससारखंच: चढणारे आणि उतरणारे एकाच थांब्यावर, एकाच क्षणी. त्या गर्दीत काही ताजे उतारू चढल्या चढल्या समोरच्या दारानं खाली पडतात, म्हणजे न जळलेलं पेट्रोल धुराबरोबर निघून जातं. पूर्वी यावर उपाय म्हणून पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा करीत. १९२०च्या दशकात आडोल्फ श्नुर्ले या जर्मन इंजिनियरनं आत येणाऱ्या वाटाच अशा तिरक्या केल्या, की मिश्रण मागच्या भिंतीवर जाऊन, वर वळून, वळसा घेत धुराला बाहेर ढकलील. पिस्टनच्या डोक्यावरचा उंचवटा गेला. ही युक्ती डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीनं मोटारसायकलींत आणली. आमच्या जावेच्या सिलिंडरात बॅटरीचा उजेड टाकला तर त्या तिरक्या वाटा स्पष्ट दिसतात. माणूस कधीच गेला. त्यानं काढलेलं वळण अजून आहे.

ही जर्मन युक्ती चेक इंजिनात रुजली त्यामागं एक युद्ध आहे. १९३९ साली जर्मनांनी प्राग घेतलं आणि जावाचा कारखाना त्यांच्या युद्धकामाला जुंपला गेला. १९४१ साली यानेचेक वारले. कारखान्यातल्या इंजिनियरांना नवी गाडी काढायला परवानगी असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी ते चोरून काढीत राहिले. रस्त्यावर चाचणी घ्यायची झाली की गाडीवर डीकेडब्ल्यूचं नाव लावून बाहेर पडत, असं सांगतात. पहारेकऱ्याला वाटायचं, आपलीच गाडी चालली आहे!

युद्ध संपलं आणि १९४६ साली ती अडीचशे सीसीची गाडी जगासमोर आली. मागच्या चाकाला स्प्रिंगा, म्हणून लोक तिला ‘पेराक’ म्हणू लागले. पेराक म्हणजे स्प्रिंगवाला. या नावाला आणखी एक धागा आहे. जर्मन अमलात प्रागमध्ये एका पेराकच्या गोष्टी पसरल्या होत्या. हा माणूस म्हणे बुटांना स्प्रिंगा लावून रात्री उड्या मारीत फिरायचा आणि कुणाच्या हाती लागायचा नाही. १९४६ सालीच यीर्झी त्रन्का यांनी त्याच्यावर एक कार्टूनपट काढला, त्यात तो नाझींना नाचवतो. कोपऱ्याकोपऱ्यावर पहारा असलेल्या गावाला उड्या मारत निसटणारा माणूस का आवडला असेल, हे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही.

त्या पेराकच्या पुढच्या पिढीतली गाडी १९५४ साली निघाली. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. आमची तीच, फक्त तिचा जन्म प्रागचा नाही, मैसूरचा.

ती मैसूरला कशी पोचली ते इराण्यांना विचारायला हवं. मुंबईचे इराणी आपल्याला ब्रून-मस्क्यामुळं ठाऊक असतात, पण रुस्तम आणि फारोख इराणी यांनी आपल्याला जावा दिली. आधी ते ही गाडी बाहेरून आणून विकत. १९५०च्या दशकात परदेशी दुचाक्यांच्या आयातीवर बंधनं आली, तेव्हा त्यांनी ती इथंच बनवायचं ठरवलं. मैसूरच्या महाराजांचं, जयचामराजेंद्र वडियारांचं, पाठबळ मिळालं आणि १९६१ साली मैसूरच्या यादवगिरीतून ‘आयडियल जावा’ची गाडी बाहेर पडू लागली. १९७३ साली तिचं नाव ‘येझदी’ झालं. ज्या यझ्द शहराच्या बाजूनं पुष्कळ इराणी कुटुंबं हिंदुस्थानात आली, त्या गावाची ती आठवण. चेक कारखान्याची, जर्मन वळणाची, इराणी गावाचं नाव घेतलेली ही गाडी कन्नड कामगार बनवत आणि मराठी माणूस ती कालव्याच्या कडेनं पिटाळी! १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण त्या गाडीचं इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्यानं थंड होणारं. आमच्या गाडीला पाणी फक्त धुताना लागतं.

पेट्रोलातच ऑइल मिसळून जाळणारी ही इंजिनं धुरामुळं मागं पडली, आणि त्यात अन्याय काही नाही. मामा गाडी सुरू करीत तेव्हा शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे काढून घेत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

इथवर झाला तो मोठा इतिहास. त्याला साल असतं, गाव असतं, महाराज असतात. आता पिस्टन बाहेर काढतो.

पिस्टन काढण्यासाठी आधी एक सर्क्लिप काढावी लागते. सर्क्लिप ही घोड्याच्या नालासारखी तारेची इवलीशी चाप असते आणि तिचा मूळ स्वभाव पेराकचा असतो. ती उडते. आमची गॅलरीतून थेट स्वयंपाकघरात गेली. सौ.नं ती डाळीत सापडण्याची शक्यता बोलून दाखवली आणि त्या दिवशी आम्ही आमटी फार सावकाश जेवलो.

पिस्टनच्या डोक्यावर काजळीचा थर होता. तो खरवडला तर खाली ‘०.७५’ असा आकडा निघाला. ज्यांचा या शास्त्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिलिंडर बिडाचं असतं. पिस्टनच्या रिंगा त्याला आतून घासत राहतात आणि काही वर्षांनी वरच्या अंगाला एक कडा तयार होते. नख फिरवलं की नख अडकतं. मग सिलिंडर लेथवाल्याकडं न्यायचं, तो आतून थोडं कातून पुन्हा गोल आणि गुळगुळीत करतो आणि त्यात तेवढाच जाड पिस्टन घालायचा. याला रीबोअर म्हणतात. एका वेळी साधारण पाव मिलिमीटर. ०.७५ म्हणजे मामांच्या हयातीत हे तीन वेळा झालेलं होतं.

त्या संध्याकाळी इंजिनाचं डावं झाकण मी रॉकेलमध्ये धूत होतो. आतल्या बाजूचा काळा राप निघाला आणि खाली खिळ्यानं कोरलेली अक्षरं दिसली. अक्षर मामांचं. आयुष्यभर मोजमाप पुस्तकात सह्या करणाऱ्या माणसाचं, सरळ आणि कुरकुर न करणारं.

०.२५ – मे १९७३
०.५० – १९८१
०.७५ – १९९०

मी ते झाकण बराच वेळ हातात धरून बसलो. मे १९७३! गाडी सात वर्षांची. एवढ्या लवकर सिलिंडर का झिजावं? पहिल्या रीबोअरची ती वेळच नव्हती.

आणि मग लक्षात आलं. १९७२चा दुष्काळ. मामांची नेमणूक तेव्हा दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि जिकडं बघावं तिकडं खडी फोडायला बसलेली माणसं. कालचे शेतकरी हातोडा घेऊन बसलेले, लाखांनी. खायला परदेशातून आलेली तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. मामांना एका कामावरून दुसऱ्या कामावर मस्टर तपासत हिंडावं लागे आणि वाटेत पाऊस न पडलेल्या रस्त्यांची धूळ. ती धूळ हवेच्या फिल्टरला न जुमानता कार्बोरेटरमधून आत जायची आणि प्रत्येक फेरीला सिलिंडर घासायची. मामा त्या दिवसांबद्दल कधी बोलत नसत. कुणी काढलाच विषय तर ‘‘फार माणसं होती रे कामावर,’’ एवढं म्हणून पान लावायला घेत. ते बोलले नाहीत, ते सिलिंडर बोललं. पाव मिलिमीटर. महाराष्ट्राच्या दुष्काळाचं एवढं नेमकं मोजमाप मी दुसरीकडं कुठं वाचलेलं नाही.

सिलिंडर घेऊन मी नाना पेठेत गेलो. मोटारसायकलच्या सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ हीच काशी. तिथं एका गल्लीत एक जुने मिस्त्री आहेत. सत्तरी ओलांडलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी चष्मा लावलाच नाही. सिलिंडरात बोट घातलं, आतून गोल फिरवलं आणि डोळे मिटले. नाडी बघावी तसं.

‘‘बीड चांगलं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘एक नंबर बसेल. म्हणजे पुरा एक मिलिमीटर. पण साहेब, हे शेवटचं. याच्या पुढचा पिस्टन बाजारात मिळायचा नाही. त्यानंतर स्लीव्ह मारायला लागेल.’’

स्लीव्ह म्हणजे जुन्या सिलिंडरात नवी नळी ठोकायची आणि पहिल्या मापापासून पुन्हा सुरुवात. गाडी चालते, पण पिस्टन घासतो तो नव्या भिंतीला.

‘‘स्लीव्हच मारू का आत्ता? डोक्याला ताप नको,’’ मिस्त्रींनी विचारलं.

मी नको म्हणालो. शेवटचा तर शेवटचा. मामांनी झिजवलेल्या भिंतीतच पिस्टन फिरायला हवा होता. मिस्त्रींनी मान डोलावली आणि पिस्टन हातात घेऊन विचारलं, ‘‘गाडी चालवणार कोण? तुम्ही, की मुलगा?’’

‘‘मी.’’

त्यांनी माझ्याकडं पायापासून टकलापर्यंत पाहिलं. ‘‘मग जरा टाइट ठेवतो,’’ ते म्हणाले. तरुण माणूस गाडी ताणतो, पिस्टन तापून फुगतो, म्हणून त्याला मोकळीक जास्त ठेवायची असते. माझ्याकडून तशी भीती त्यांना वाटली नाही. माझ्या वयाचा इतका नेमका अंदाज आजवर कुठल्या डॉक्टरनंही सांगितलेला नाही.

एक मिलिमीटर वाढल्यामुळं इंजिन २४९ सीसीचं जवळजवळ २५७ सीसीचं झालं. सरकारी कागदावर अडीचशे, प्रत्यक्षात घेर थोडा वाढलेला. साठीनंतर हे कुणाचं होत नाही?

बेअरिंग बसवणं हा या कामातला शेवटचा मोठा यज्ञ. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. म्हणून इंजिनाची केस तापवायची, बेअरिंग थंड करायचं, म्हणजे ते हातोडा न मारता आत बसतं. तापवायला ओव्हन लागतो आणि थंड करायला फ्रीझर, आणि या दोन्ही गोष्टी ज्या खात्यात येतात त्या खात्याची मंजुरी मिळवायला मला आठवडा लागला. अटी दोन: केस आधी तीनदा धुवायची आणि बेअरिंग हवाबंद डब्यात ठेवायचं. डबा आइस्क्रीमचाच मिळाला. दुपारी नातवानं तो उघडला, आत बघितलं आणि आजीला विचारलं, ‘‘आजी, हा कुठला फ्लेवर?’’

पण बेअरिंग बसलं. केस ओव्हनमधून काढली, बेअरिंग वर ठेवलं आणि ‘टक्’ असा आवाज होऊन ते जागेवर गेलं. इतक्या कमी कटकटीत कुणी कुणाच्या घरात नांदायला गेल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

डावं झाकण लावण्यापूर्वी मी खिळा घेतला आणि मामांच्या तीन ओळींखाली चौथी कोरली: ‘१.००’ आणि पुढं साल. माझं अक्षर मामांइतकं सरळ नाही, पण झाकण लावलं की ते ऑइलात बुडतं. पुढं केव्हातरी कुणीतरी हे इंजिन उघडील, त्याला ते दिसेल. त्याला हेही कळेल, की यापुढं कातायला बीड उरलेलं नाही. जुनी गोधडी टिकते ती दर काही वर्षांनी उसवून पुन्हा शिवल्यामुळं. नुसती ट्रंकेत जपून ठेवली तर कसर खाते. इंजिनाचंही तेच. फक्त दर शिवणीला मूळ कापड थोडं कमी होतं, एवढं मनाशी धरून शिवायचं.

इंजिन सांगाड्यात चढलं आणि एका रविवारी सकाळी मी गाडी मामींच्या वाड्यापर्यंत ढकलत नेली. मामी पहिल्या मजल्याच्या खिडकीत खुर्ची टाकून बसल्या, डावा कान बाहेर. पेट्रोलात ऑइल घातलं. दांडा आत दाबला, वर उचलला, किक मारली. पहिल्या किकेला खोकला, दुसरीला शांतता, तिसरीला एक फटाका. चौथ्या किकेला इंजिन सुरू झालं. स्वच्छ, गोल, एकसारखा आवाज. दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर निघाला आणि वाड्यातल्या दोन गृहिणींनी कपडे आत घेतले. परंपरा सुटली नव्हती.

मी वर पाहिलं. मामी कान देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी मान हलवली.

‘‘हा त्यांच्या गाडीचा आवाज नाही,’’ त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पडला असावा. ‘‘मामी, गाडी तीच आहे. इंजिन तेच, सिलिंडर तेच.’’

‘‘असेल. पण त्यांची गाडी खडखडायची. नाक्यावर वळली की खड खड खड ऐकू यायची आणि मी फोडणीला तेल ठेवायची. ते जिना चढेस्तोवर आमटी तयार. ही तर कशी शहाण्यासारखी वाजतेय!’’

ती खडखड मला ओळखीची होती. झिजलेल्या सिलिंडरात पिस्टन सैल होऊन आपटतो, तिचा तो आवाज. धुळीनं, दुष्काळानं, वर्षांनी केलेली पोकळी. मिस्त्रींनी ती कातून काढली होती, आणि मामी वर्षानुवर्षं वाट बघत होत्या ती नेमकी तिची.

मी गाडी बंद करायला हात पुढं केला.

‘‘बंद कशाला करतोस?’’ मामी वरून म्हणाल्या. ‘‘चालव की. रोज चालव. चालवली की येईल खडखड.’’

तेव्हापासून मी रोज चालवतो. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, आणि दोन्ही वेळा नाक्यावरून वळताना मामींच्या खिडकीकडं बघतो. अजून त्या मानेनं ‘नाही’ म्हणतात. मिस्त्रींनी पिस्टन टाइट ठेवलाय. जरा वेळ लागेल.